फोटोत सगळे आहेत, मग फोटो काढला कोणी? प्रवासातल्या फोटोंमागच्या गोष्टी सांगा

तारीवरची

मंडळी, आई गेली त्याला आता चार महिने झाले. गेल्या आठवड्यात कुडाळला जाऊन तिचं कपाट आवरलं. तळाशी एका नऊवारीच्या घडीत एक फोटो सापडला. घरातले बाकीचे सगळे फोटो अल्बममध्ये आहेत, हा एकटाच वेगळा ठेवलेला.

घरच्यांना विचारल्याशिवाय तो इथे टाकत नाही, वर्णन करते. फेरीबोटीचा कठडा. डावीकडे बाबा, हातात मिटलेली छत्री. त्यांच्या शेजारी आई, केस कपाळाला चिकटलेले, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात फक्त हिरव्या काचेच्या बांगड्या. मध्ये बाकावर आजी आणि तिच्या मांडीवर मी, सात महिन्यांची. आजीने तोंड माझ्या तोंडाच्या इतकं जवळ आणलंय की नाकाला नाक लागेल. कॅमेऱ्याकडे एकटी आई बघतेय. मागे नदी, आणि नदीत उभे खांब, ज्यांच्यावर काहीच नाही. रंग पार लालसर झालेत. पाठीमागे बाबांच्या अक्षरात "पणजी, चवथीच्या आधी" एवढंच. माझा जन्म फेब्रुवारी १९८६ चा, म्हणजे साल कळतं.

घरात त्या सफरीचा विषय निघाला की सगळे एकच सांगायचे, "तुला घेऊन गोव्याला फिरायला गेलो होतो." पण घरातले चौघेही फोटोत आहेत आणि आमच्याकडे १९९४ पर्यंत कॅमेरा नव्हता. मग तो काढला कोणी? बाबा आठ वर्षांपूर्वीच गेले. मी लग्न होऊन फोंड्याला आले त्याला पंधरा वर्षं झाली. दर महिन्याला पणजीला जाते आणि हे विचारायला आता माणूस उरलेलं नाही.

तुमच्याकडेही असे फोटो असतील, ज्यातली खरी गोष्ट चौकटीबाहेर राहिली. सांगा ना.

बेतीवाला

ते खांब वाचूनच अंगावर काटा आला. मांडवीवरचा नेहरू पूल तो. ५ जुलै १९८६ ला कोसळला. मी तेव्हा कॉलेजात होतो, घर बेतीला. नवा पूल १९९२ ला सुरू झाला, तोपर्यंत आमचं सगळं जाणंयेणं बेती-पणजी फेरीवर. आता नदीवर तीन पूल शेजारी शेजारी दिसतात, त्यातला अटल सेतू २०१९ चा. आजच्या मुलांना ती रांग सांगून कळणार नाही.

म्हापशाकडून आलेली माणसं बेतीला उतरायची, धक्क्यावर उभी राहायची, पणजीला पोचून पुढची गाडी बघायची. पावसात नदीला ओढ जबरदस्त. बोट समोर दिसणाऱ्या धक्क्याकडे सरळ जायचीच नाही, आधी पाण्याविरुद्ध तिरकी वर चढायची आणि मग हळूहळू खाली यायची. डोक्यावर माशांच्या पाट्या, हातात शाळेची दप्तरं, एका कोपऱ्यात कोणीतरी आजारी माणूस चादरीत गुंडाळलेला. हे मी रोज बघितलंय.

म्हणून एक बोलतो, मनाला लावून घेऊ नका. त्या पावसात, पूल पडून दोन महिने झालेले असताना, सात महिन्यांचं मूल आणि म्हाताऱ्या बाईला घेऊन कुडाळहून कोणी फिरायला यायचं नाही. त्या माणसांना पणजीत काहीतरी काम होतं.

तारीवरची

बेतीवाला, तुमचं वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले. "फिरायला" हा शब्द मी चाळीस वर्षं ऐकला, त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलंच नाही. सावंतवाडीला आत्या आहे, तिला विचारते.

कुशावतीपार

माझ्या सासूबाईंचा एक फोटो आहे. सुकलेली, भेगाळलेली जमीन, मागे उघडे डोंगर, आणि त्या एकट्या उभ्या, उजवा हात समोर पसरलेला. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "आकाश दाखवतायत का?"

तो हात तुळशीकडे आहे. तुळस आता नाही, वृंदावनाचे चार दगड आहेत आणि तेही फोटोत आले नाहीत.

सासरचं मूळ गाव कुर्डी, सांगे तालुक्यातलं. साळावली धरणासाठी १९८० च्या दशकात गाव उठलं. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः येऊन धरणाबद्दल बोलले होते, असं सासूबाई सांगायच्या. आमच्या लोकांना वाडे आणि वालकिणीला जागा मिळाल्या. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर इथल्याच, त्यांच्या नावातच गाव आहे. जुनं महादेवाचं देऊळ एकेक दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभं केलं. घरं मात्र पाण्याखाली गेली. दरवर्षी पाणी उतरलं की मे महिन्यात गाव वर येतं. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, ख्रिस्ती कुटुंबं त्यांच्या कपेलाशी जमतात. महिन्याभरात पाऊस येतो आणि गाव परत बुडतं.

पहिल्या वर्षी सून म्हणून मी गेले तेव्हा मला नुसता चिखल आणि दगड दिसत होते. सासूबाई मात्र चालत नव्हत्या, वावरत होत्या. "इथून वाकून ये, उंबरा आहे." उंबरा नव्हता, तरी मी वाकले. "हे न्हाणीघर. इथे चूल. चुलीमागे मांजर व्यायची." मग त्या थांबल्या, हात पसरला आणि म्हणाल्या, "आणि ही माझी तुळस." तेव्हाच माझ्या नवऱ्याने बटण दाबलं.

हल्ली मेमध्ये तिथे ड्रोन घेऊन खूप लोक येतात. भेगांचे फोटो सुंदर येतात, मी नाही म्हणत नाही. पण त्याखाली "हरवलेलं गाव" असं लिहितात तेव्हा त्रास होतो. आमचं गाव हरवलेलं नाही. कुठे काय होतं ते माणसांना ठाऊक आहे, फक्त ती माणसं दरवर्षी कमी होतायत. माझी एक विनंती आहे. तिथे फोटो काढायला गेलात तर उभ्या असलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "तुमचं घर कुठे होतं?" ती चालत नेऊन दाखवतील. मग काढा फोटो.

सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. गेल्या मेमध्ये मी माझ्या मुलीला तिथे नेलं आणि तुळशीचे दगड शोधताना चुकले. दोनदा चुकले. शेवटी तो फोटो मोबाईलवर काढला, मागचे डोंगर जुळवले, त्यांच्या हाताची दिशा धरली आणि सरळ चालत गेले. सापडले.

रानभूल

कुशावतीपार, तुमच्याच नदीच्या काठचं आठवलं. रिवणजवळ उसगाळीमळला, म्हणजे पणसायमळला, जांभ्यावरची कोरीव चित्रं आहेत, १९९३ ला उजेडात आली. बैल, हरणं, नाचणारी माणसं आणि तो प्रसिद्ध गोल चक्रव्यूह. मी भर दुपारी पोचलो, वरून ऊन पडलेलं, दगडावर एक रेघ दिसेना. जवळच गुरं राखणारे एक काका होते. त्यांनी नदीतून बाटली भरून आणली आणि दगडावर पाणी धरलं. बघता बघता शिंगं, मान, पाय उमटत गेले. "सकाळी लवकर ये, तिरकं ऊन असतं, पाणीसुद्धा लागत नाही," म्हणाले. माझ्या फोटोत बैल आहे आणि कडेला ओल्या पावलांचे दोन ठसे. ते त्या काकांचे.

जुना स्टुडिओ

म्हापशाला माझा फोटो स्टुडिओ होता, एकतीस वर्षं चालवला. तारीवरची, तुमच्या फोटोबद्दल धंद्यातलं थोडं सांगतो.

त्या काळच्या रंगीत प्रिंटमध्ये तीन रंग असतात: निळसर, किरमिजी आणि पिवळा. फोटो भिंतीवर उजेडात राहिला तर किरमिजी आणि पिवळा आधी उडतात आणि फोटो निळा पडतो. न्हाव्याच्या दुकानातली जुनी चित्रं आठवा. उलट पेटीत, कपाटात, अंधारात ठेवलेल्या प्रिंटमधला निळसर रंग आधी विरतो आणि मग ती लाल दिसू लागते. तुमचा फोटो लाल आहे. म्हणजे तुमच्या आईंनी तो कधीच उजेडात लावला नाही. पहिल्यापासून घडीतच असणार.

दुसरं, प्रिंटची पाठ तिरकी धरून बघा. कागद बनवणाऱ्या कंपनीचं नाव, कधी लॅबचा आकडा, फिकट छापलेला असतो.

आणि सगळ्यांनाच सांगतो. रंगीत प्रिंटच्या पाठीवर बॉलपेनाने दाबून लिहू नका, पुढे वळ उमटतात. त्या कागदावर प्लास्टिकचा थर असतो, शिसपेन्सिलही नीट धरत नाही. फोटो साध्या कागदी पाकिटात घाला आणि फोटो घालण्याआधी पाकिटावर लिहा: कोण, कुठे, केव्हा, कोणी काढला. चिकट पानांचे जे अल्बम मिळायचे त्यात फोटो असतील तर ओढून काढू नका, आधी आहेत तसे स्कॅन करा. आपल्या हवेत पावसाळा हाच सगळ्यात मोठा वैरी, निगेटिव्हला बुरशी लागली की माणसांचे चेहरे आधी जातात.

माझी गोष्ट म्हणाल तर माझ्याकडे एक पत्र्याची पेटी आहे. त्यात न नेलेले फोटो आहेत. सुट्टीवर आलेले लोक रोल धुवायला टाकायचे, संध्याकाळी येतो म्हणायचे आणि गाडी सुटायची म्हणून यायचेच नाहीत. दुकान बंद केलं तेव्हा मुलगा म्हणाला, टाकून दे. मला जमलं नाही. कळंगुटच्या वाळूत एकमेकांना पुरणारे भाऊ आहेत त्यात. एक नवरा-बायको आहेत, छत्तीसपैकी पस्तीस फोटोंत एकटीच ती. शेवटच्या फोटोत तिने कॅमेरा घेतलेला दिसतो, कारण त्यात तो आहे, हललेला आणि हसणारा. त्यांनी तो कधी पाहिलाच नाही. दर दसऱ्याला मी पेटी उघडतो, हवा देतो, सिलिका जेलच्या पुड्या बदलतो.

मळ्यातली

मी पणजीत मळा या भागात राहते, मारुतीच्या देवळाखाली. पुढे गेलं की फोंतेन्हास, पोर्तुगीज काळातल्या रंगीत घरांची वस्ती. तुम्ही सगळे काढणाऱ्याची बाजू सांगताय, मला ज्यांचा फोटो काढला जातो त्यांची बाजू मांडायची आहे.

आमच्या गल्लीत सकाळी सातपासून लोक येतात. दारात बसून पोज, खिडकीत हात, पायरीवर कपडे बदलणं. "घरात माणसं राहतात, फोटो काढू नका" अशा पाट्या लोकांनी लावल्या, तर त्या पाट्यांपुढेही फोटो निघाले. माझ्या शेजारच्या घरात एक गृहस्थ वारले, बाहेर चपलांची रांग, आत रडारड, आणि पिवळ्या भिंतीपुढे एक मुलगी गिरकी घेत होती. तिला कोणी ओरडलं नाही. मीच जाऊन हळू आवाजात सांगितलं. तिचा चेहरा उतरला, क्षमा मागून गेली बिचारी. तिला कळायला मार्गच नव्हता, फोटोत भिंत एवढीच दिसते.

प्रवासाच्या फोटोमागे गोष्ट असते हे खरं. पण ती तुमचीच असते असं धरून चालू नका. कधी ती भिंतीच्या आतल्या माणसांची असते.

हरमलचा वारा

मळ्यातली, पटलं. मी लग्नाआधीचे फोटो काढायची कामं घेतो आणि त्या गल्लीत मीही जोडपी उभी केली आहेत. परवानगी कोणाची घ्यायची हेसुद्धा कधी विचारलं नव्हतं. आता आधी एकटा जातो, दार वाजवतो, विचारतो. नाही म्हणाले तर दुसरी जागा बघतो. हो म्हणाले तर नंतर एक प्रिंट नेऊन देतो. मोबाईलवर पाठवत नाही, कागदावर देतो. एका आजीने ती देवघराशेजारी लावली आहे, कारण जोडप्यामागे तिची खिडकी आली होती आणि खिडकीत तिचा पोपट.

पेडण्याची सून

छोटीशी आठवण. आईबाबांचा लग्नानंतरचा पणजीतला फोटो, आबे फारियाच्या पुतळ्यापुढचा. आई घाबरलेली दिसते. आम्ही समजायचो नवीन लग्न, लाजत असेल. आईने मग एकदा सांगितलं, तो काळा झगा आणि खाली पडलेली बाई बघून तिला वाटलं हा कोणी राक्षस आहे, आणि ती बाबांना "इथे नको" म्हणत होती. बाबांनाही काही माहीत नव्हतं. फारिया कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेला आपला माणूस, संमोहनविद्येत त्याचं नाव जगभर झालं, आणि पुतळा १९४५ चा, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, हे मी शाळेत शिकले तेव्हा घरी येऊन त्यांना सांगितलं. तेव्हापासून आई त्या फोटोला "माझा भीतीचा फोटो" म्हणते आणि सगळ्यांना आवर्जून दाखवते.

तारीवरची

जुना स्टुडिओ, पाठ तिरकी धरून बघितली. फिकट अक्षरं आहेत, रोमन लिपीच, पण शब्द इंग्रजी नाहीत. एका शब्दावर दोन टिंबं आहेत.

जुना स्टुडिओ

मग ही प्रिंट इथली नव्हे. रोल परदेशात धुतला गेलाय आणि प्रिंट टपालाने आली असणार. घरात कोणाला पाकीट आठवतं का बघा.

बेतीवाला

पावसाळ्यातही काही परदेशी लोक मागे राहायचे, अंजुणे-वागातोरला घर भाड्याने घेऊन. पणजीला यायला त्यांनाही हीच फेरी होती.

तारीवरची

रविवारी आत्याकडे जाऊन आले. सगळं लिहिते, थोडं लांबेल.

आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. मी जन्मले तेव्हा तिला माणसं सावलीसारखी दिसायची. ऑपरेशनला ती तयार नव्हती, भीती होती आणि पैशाचंही होतं. बाबांचा पगार तेव्हा बेताचा. आईने स्वतःच्या सोन्याच्या पाटल्या विकल्या, कुडाळच्या बाजारात, निघायच्या आदल्या आठवड्यात. आणि आजीला सांगितलं, "पोरीला मंगेशीला पायांवर घालून आणू, जरा गोवा फिरू." म्हणजे "फिरायला" हा शब्द माझ्यासाठी नव्हताच. तो आजीसाठी होता, आणि मग घरात तोच राहून गेला.

बोटीवर एक उंच गोरा माणूस होता, गळ्यात कॅमेरा. आजी माझ्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघत होती ते तो बराच वेळ पाहत होता. मी इतके दिवस समजत होते ती पापा घेतेय. ती माझा चेहरा शोधत होती. आई त्याच्याकडे बघतेय, कारण तिला कळलं की हा फोटो काढतोय. मग त्याने खुणेने विचारलं, वही पुढे केली, बाबांनी पत्ता लिहून दिला.

ऑपरेशन नीट झालं. शिमग्याच्या सुमारास पाकीट आलं, जर्मनीहून. आत हा एकच फोटो. चिठ्ठी होती, ती कोणाला वाचता आली नाही. माझ्या आत्येभावाला तिकिटं जमवायचा नाद. त्याने तिकिटासाठी पाकीट पाण्यात भिजत घातलं आणि पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता सगळं शाईसकट गेलं. तो आता बावन्न वर्षांचा आहे. आत्या हे सांगत असताना तो शेजारीच बसला होता, काही बोलला नाही.

आणि आईने फोटो घडीत का ठेवला तेही कळलं. आजीची दृष्टी परत आली तेव्हा तिने हात बघून विचारू नये म्हणून आईने सोन्याचं पाणी दिलेल्या पाटल्या घेतल्या होत्या. घरात रोज त्याच घालायची. या फोटोत मात्र हातात नुसती काच आहे. आजी आता नीट बघू शकत होती. तिला दिसलं असतं.

मी आत्याला विचारलं, मग आजीला शेवटपर्यंत कळलं नाही?

आत्या म्हणाली, "आवशीक पयल्याच दिवशी कळला हुता गो. खोट्यो पाटल्यो वायल्यो वाजतत." म्हणजे तिच्या आईला, माझ्या आजीला, पहिल्याच दिवशी कळलं होतं, खोट्या पाटल्या वेगळ्या वाजतात. इतकी वर्षं डोळ्यांपुढे धुकं असलेली बाई, घरात कोण कुठे आहे ते बांगड्यांवरून ओळखायची. ती काही बोलली नाही, आईही नाही. दोघी पुढे अठरा वर्षं एका घरात राहिल्या.

जुना स्टुडिओ, तुम्ही सांगितलंत तसं कागदी पाकीट आणलं. फोटो घालण्याआधी लिहिलं:

"बेती-पणजी फेरी, मांडवी. सन १९८६, चवथीच्या आधी, पूल पडल्यानंतर. डावीकडून बाबा, आई, आजी, मांडीवर मी. आजीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला जाताना. आईच्या पाटल्या विकून. फोटो काढणारे: बोटीवरचे एक जर्मन गृहस्थ, नाव पाण्यात गेलं."

बेतीवाला

मी त्या महिन्यात रोज सकाळच्या बोटीला असायचो. आता रात्रभर आठवत बसणार, गळ्यात कॅमेरा असलेला तो उंच माणूस मी पाहिला होता का.